सांबारवडी ऑलिव्हच्या तेलात

गेल्या डिसेंबरात नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत एका घरी सांबारवड्यांचा बेत होता. विदर्भाबाहेरच्या वाचकांचा घोळ व्हायला नको म्हणून सांगतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. थंडीत तिच्या जुड्या बाजारात मातीमोल झाल्या की खसखस, खोबरं, तीळ घालून तिचं सारण होतं. बेसनाच्या पारीला चिंच-मसाल्याचं बोट फिरवून ते आत गुंडाळतात आणि वड्या कढईत सोडतात. पहिला घाणा निघाला तसा ताटलीत माझ्यापुढे आला. चार झाल्यावर मी हात आखडता घेतला, तर वहिनी म्हणाल्या, "घ्या नं भाऊजी अजून. ऑलिव्हच्या तेलात तळून राहिली मी. काही नाही होत."

त्यांच्या यजमानांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसला. दवाखान्यातून घरी सोडताना दिलेल्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं : तेल कमी, ऑलिव्ह चालेल. कागद मी पाहिलेला आहे. घरी येईपर्यंत 'कमी' हा शब्द वाटेत कुठेतरी गळला आणि 'चालेल'चं 'पाहिजेच' झालं. तेव्हापासून ओट्याच्या कोपऱ्यात पाच लिटरचा हिरवा डबा असतो. डबा उलटा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचायची मला खोड आहे. तिथे 'पोमेस' असा शब्द होता. त्याच्याकडे पुढे येऊ. डब्याशेजारी स्टीलचं भांडं, त्यावर गाळणी आणि आत परवाच्या तळणीचं गाळून ठेवलेलं तेल. "एवढं महागाचं, फेकून कसं द्यावं?" हेही वहिनींचंच म्हणणं, आणि गृहिणीच्या हिशेबाने अगदी रास्त.

"ऑलिव्ह आहे, काही नाही होत." गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या शहरी मध्यमवर्गात रुजलेलं मत या एका वाक्यात पुरतं सामावलं आहे. मला ते खोडायचं आहे. पण जुन्या शास्त्रार्थाची शिस्त अशी की आधी पूर्वपक्ष मांडावा, आणि तो असा मांडावा की खुद्द प्रतिपक्षाने मान डोलवावी. पडका पूर्वपक्ष उभा करून त्याला लाथ मारण्यात पांडित्य नसतं.

तर पूर्वपक्ष असा. १९५८ साली अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी सात देशांतल्या पुरुषांच्या आहाराची आणि हृदयरोगाची पाहणी सुरू केली. तीत ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या लोकांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू फारच कमी आढळले. गंमत म्हणजे हे लोक चरबी काही कमी खात नव्हते. त्यांच्या उष्मांकांपैकी जवळपास ४० टक्के चरबीतून येत, आणि तीही बहुतेक ऑलिव्हच्या तेलातून. पुढे स्पेनमध्ये 'प्रेडिमेड' नावाचा मोठा प्रयोग झाला. हृदयरोगाचा धोका असलेल्या ७,४४७ स्त्री-पुरुषांचे तीन गट केले, एका गटाला भूमध्य प्रदेशाचा आहार आणि त्याबरोबर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल दिलं. जवळपास पाच वर्षांनी पाहिलं तर त्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि अशा कारणांनी येणारा मृत्यू यांचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. गट पाडताना काही केंद्रांवर नियम पाळले गेले नव्हते असं नंतर उघडकीस आलं, म्हणून २०१८ मध्ये तो निबंध मागे घेऊन नव्या विश्लेषणासह पुन्हा छापावा लागला. तरी निष्कर्ष साधारण तोच राहिला. मग २०२२ मध्ये अमेरिकेतून ९२ हजारांहून अधिक परिचारिका आणि इतर आरोग्यसेवकांची २८ वर्षांची नोंद आली : रोज अर्ध्या मोठ्या चमच्याहून अधिक ऑलिव्ह तेल खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी. रसायनशास्त्रही या बाजूला आहे. या तेलात ओलेइक आम्ल भरपूर, साधारण ५५ ते ८३ टक्के, आणि वर फळातून उतरलेली पॉलिफेनॉल्स.

हा पूर्वपक्ष भक्कम आहे. त्यातला एकही आकडा मी नाकारत नाही.

उत्तरपक्षाकडे वळण्याआधी मात्र आपल्याच बाजूचा एक खोटा साक्षीदार बाहेर काढला पाहिजे. ऑलिव्हविरुद्ध बोलणारे बहुतेक लोक पहिल्या वाक्यातच म्हणतात, "ते तेल तापवायचं नसतं, त्याचा धूर लवकर निघतो, विष होतं." व्यायामशाळेपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हे ऐकायला मिळतं. आणि ते चूक आहे. चांगल्या एक्स्ट्रा व्हर्जिन तेलाचा धूर साधारण १९० ते २१० अंश सेल्सिअसला निघतो, शुद्धीकरण केलेल्याचा त्याहून वर. मी घरच्या कढईत थर्मामीटर धरून पाहिला. वड्या सोडताना तेल १७० ते १७५ अंशांवर होतं आणि वड्या पडल्यावर दहा-पंधरा अंशांनी उतरलं. म्हणजे धुराच्या रेषेपासून आपण बरेच अलीकडे असतो. शिवाय तेल बिघडतं ते नुसत्या धुराने नव्हे, हवेतल्या प्राणवायूने. त्याला पहिली बळी पडतात ती लिनोलेइक आम्लासारखी बहुअसंपृक्त आम्लं. ओलेइकच्या तुलनेत लिनोलेइक दहा-बारा पट वेगाने बिघडतं, आणि जवसातलं लिनोलेनिक त्याच्याही पुढे. त्यामुळे तळणीत ऑलिव्ह चांगलं टिकतं, सूर्यफूल आणि सोयाबीनपेक्षा तर नक्कीच. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगशाळेने २०१८ मध्ये तेलं तापवून हेच दाखवलं. ती प्रयोगशाळा एका ऑलिव्ह कंपनीच्या घरचीच आहे हे सांगायला हवं, पण रसायनशास्त्र त्यामुळे खोटं पडत नाही. स्पेन, ग्रीस, इटलीतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या याच तेलात मासे आणि वांगी तळत आल्या आहेत.

आणखी एक विसंगती. ऑलिव्हच्या धुराला भिणारी हीच मंडळी 'लाकडी घाण्याचं' तेल दुप्पट भावाने आणतात आणि त्याचं कौतुक सांगताना थकत नाहीत. घाण्याचं शुद्ध न केलेलं फल्लीचं तेल ऑलिव्हच्या आधीच धुरावतं. (फल्ली म्हणजे शेंगदाणा. हेही पुणेकरांसाठी.) धुराचा नियम लावायचा तर दोघांनाही लावा, नाहीतर कोणालाच लावू नका. मी तो कोणालाच लावत नाही.

म्हणजे ऑलिव्हमध्ये तळता येतं. तळावं का, हा प्रश्न वेगळा, आणि इथून माझा खरा वाद सुरू होतो.

पहिली शंका तुलनेची. एखादी गोष्ट चांगली म्हटली की विचारायचं, कशापेक्षा? अमेरिकेतला तो २०२२ चा अभ्यास नीट वाचला तर उत्तर त्याच्यातच आहे. रोजच्या आहारातलं दहा ग्रॅम लोणी, मार्जरीन, मेयोनेज किंवा दुधाची चरबी काढून तिथे ऑलिव्ह तेल घातलं तर मृत्यूचा धोका कमी दिसला. पण बाकीच्या सगळ्या वनस्पती तेलांशी तुलना केली तेव्हा लक्षणीय फरक दिसला नाही. हे वाक्य डब्यावर कुणी छापत नाही. आता प्रताप नगरातल्या कुठल्या घरात मार्जरीनमध्ये मोहरी तडतडत होती? मेयोनेजमध्ये सांबारवडी कोण तळतं? आपल्याकडे ऑलिव्हने जागा घेतली ती फल्लीची, सोयाबीनची, सूर्यफुलाची. म्हणजे ज्या तुलनेत ऑलिव्ह जिंकतं ती आपल्या ओट्यावर झालीच नाही, आणि जी झाली तिच्यात सामना बरोबरीत सुटला.

तळणीबद्दलही असंच. स्पेनमध्ये ४० हजारांवर माणसांची ११ वर्षं पाहणी करून २०१२ मध्ये निष्कर्ष आला की तळलेलं खाण्याचा हृदयरोगाशी संबंध दिसत नाही. ऑलिव्हवाले हा अभ्यास आनंदाने पुढे करतात. पण तळणीला ऑलिव्ह वापरणारे आणि सूर्यफूल वापरणारे यांच्यात त्यात फरक आढळला नव्हता, आणि तिथल्या लोकांत तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरायची चाल फारशी नव्हती. वहिनींच्या ओट्यावरचं गाळणीचं भांडं आठवा. तळून तळून तेलात जे ध्रुवीय पदार्थ साठतात त्यांची मर्यादा भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून हॉटेलवाल्यांना २५ टक्क्यांवर बांधून दिली आहे. घरच्या कढईला निरीक्षक नाही. फल्लीचं तेल असतं तर दुसऱ्या तळणीनंतर वहिनींनी ते पणतीला लावलं असतं. ऑलिव्ह आहे म्हणून ते चौथ्यांदा चढतं. तेलाची किंमतच अपायाचं कारण होते ती अशी.

प्रेडिमेडकडे परत येऊ, कारण त्याचं नाव सर्वांत जास्त घेतात आणि तो सर्वांत कमी वाचतात. त्यात तीन गट होते, हे लोक विसरतात. एका गटाला ऑलिव्ह तेल दिलं, दुसऱ्या गटाला तेल न देता रोज ३० ग्रॅम सुकामेवा दिला : अक्रोड, बदाम, हेझलनट. त्या दुसऱ्या गटाचाही धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. म्हणजे तेल न देताही जवळजवळ तेवढाच लाभ. मग गुण कोणाचा मानायचा? दोन्ही गटांत समान होती ती भाज्यांची, फळांची, कडधान्यांची, मासळीची थाळी. आणि जे तेल दिलं ते एक्स्ट्रा व्हर्जिन होतं, घरटी आठवड्याला लिटरभर, फुकट. ते सॅलडवर कच्चं पडायचं, भाजीत पडायचं, पावावर पडायचं. क्रीटचा शेतकरी दिवसभर डोंगरउतारावर राबायचा, पालेभाज्या उकडून त्यावर तेल ओतायचा, मांस क्वचित खायचा. त्या माणसाच्या आयुष्यातून तेलाची बाटली तेवढी उचलून आणायची आणि बाकीचं आयुष्य तिथेच ठेवायचं, असा आपला व्यवहार आहे. आमचे शेजारी संध्याकाळी स्कूटरवरून खामल्याला भाजी आणायला जातात. अंतर पाऊण किलोमीटर.

प्रतिपक्ष इथे म्हणेल, तेवढ्याने काय बिघडलं? गुण पूर्ण नाही तर अर्धा तरी मिळेल. म्हणून आता डब्याकडे.

ऑलिव्हचं फळ दळून, घुसळून, यंत्राच्या दाबाने किंवा वेगाने जो रस निघतो त्यातलं तेल म्हणजे व्हर्जिन. त्यातलं ज्याची आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत आणि चव निर्दोष ते एक्स्ट्रा व्हर्जिन. ते कडवट लागतं, गिळल्यावर घशाला ठसका लागतो. तो ठसका ओलिओकॅन्थल नावाच्या द्रव्याचा. २००५ मध्ये संशोधकांना दिसलं की ते आयब्युप्रोफेनसारखं काम करतं. ज्या पॉलिफेनॉल्सचं एवढं नाव आहे ती या तेलात असतात. हे तेल काढल्यावर मागे उरतो तो साल, गर आणि बियांचा चोथा. तो सॉल्व्हंटमध्ये धुऊन, उरलंसुरलं तेल ओढून काढून, ते शुद्धीकरणाने निर्गंध आणि फिकट करून त्यात चवीपुरतं थोडं व्हर्जिन मिसळलं की जे होतं ते पोमेस. विदर्भात कोणालाही हे एका शब्दात कळेल : ढेप. सरकी गाळल्यावर जी ढेप उरते ती आपण गाई-म्हशींना घालतो. ऑलिव्हच्या ढेपेतून सॉल्व्हंटने काढलेलं तेल आपण हिरव्या डब्यात घेऊन सांबारवड्या तळतो आणि क्रीटच्या शेतकऱ्याशी नातं सांगतो.

पोमेस विषारी नाही. ओलेइक आम्ल त्यात असतंच, आणि तळणीला ते टिकाऊही आहे. पण पूर्वपक्षात ज्यांचं नाव घेतलं ती पॉलिफेनॉल्स शुद्धीकरणात बहुतेक निघून जातात. प्रेडिमेडच्या बाटलीत पोमेस नव्हतं. आणि आपल्याकडे 'भारतीय स्वयंपाकासाठी खास' म्हणून बरीच वर्षं जे खपवलं गेलं ते मुख्यतः हेच, कारण ते स्वस्त पडतं आणि त्याला वास नसतो. 'लाइट' लिहिलेली बाटली त्याची चुलत बहीण. तिथे लाइट म्हणजे रंगाला आणि चवीला हलकं. उष्मांक तेवढेच, ग्रॅमला नऊ, जेवढे फल्लीच्या तेलाचे आणि जेवढे पामच्या तेलाचे.

बरं, धरा की कुणी हौशी गृहस्थ खरं एक्स्ट्रा व्हर्जिन आणतो. लिटरला हजाराच्या आसपास मोजतो, आणि स्पेनमध्ये दुष्काळ पडला की त्याहून जास्त. २०२४ च्या सुरुवातीला तिथले भाव कधी नव्हे इतके चढले होते. तो गृहस्थ त्यात जिरं-मोहरी टाकतो. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०२० मध्ये घरगुती परतण्याची नक्कल करून मोजलं : १२० अंशांना पॉलिफेनॉल्स ४० टक्क्यांनी घटली, १७० अंशांना ७५ टक्क्यांनी. उरलेलीही युरोपच्या मापदंडात बसत होती हे त्यांनीच नमूद केलं आहे, तेव्हा सर्वस्व जळून जातं असं मी म्हणणार नाही. पण हजार रुपयांतले साडेसातशे ज्याच्यासाठी मोजले ते कढईच्या वाफेत गेलं, आणि त्यावर हिंग, हळद, तिखट पडल्यावर त्या फळाची चवही कुणाला लागली नाही. असं तेल टोमॅटोच्या फोडींवर कच्चं घालून खावं. ते मी आनंदाने खातो.

'जगातलं सर्वोत्तम तेल' हा किताब याआधीही वाटला गेला आहे. १९३७ साली डालडा आला तेव्हा ती प्रगतीची खूण होती, शुद्ध तुपाचा आधुनिक भाऊ. त्यातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ मध्ये आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा आली, मधली ८५ वर्षं तो लाडवांत गेला. मग करडईचं तेल हृदयाचा राखणदार झालं. सिडनीत १९६६ ते १९७३ दरम्यान हृदयरोग झालेल्या ४५८ पुरुषांपैकी एका गटाला करडईचं तेल आणि करडईचं मार्जरीन दिलं होतं. तो जुना विदा २०१३ मध्ये पुन्हा उकरला तेव्हा कळलं की करडईच्या गटात १७.६ टक्के लोक गेले, दुसऱ्या गटात ११.८. मी करडईचा शत्रू नाही, मराठवाड्याच्या पिकाला तर मुळीच नाही. एका तेलावर सगळा जीव टाकला की काय होतं, एवढंच सांगतो आहे. करडईनंतर सूर्यफूल आलं, मग राइस ब्रान, आता ऑलिव्ह. प्रत्येकाचा दिग्विजय दहा-पंधरा वर्षांचा. आणि ऑलिव्हच्या मायदेशीही नाव विकलं जातंच. १९८१ मध्ये स्पेनमध्ये कारखान्यासाठी आणलेलं, ॲनिलिन मिसळलेलं रेपसीडचं तेल ऑलिव्ह म्हणून दारोदार खपलं, सुमारे वीस हजार लोक आजारी पडले आणि शेकडो मेले.

इथपर्यंत खंडन. मंडनाशिवाय खंडन म्हणजे नुसती वितंडा, म्हणून माझा पक्षही सांगतो.

इंग्रजीतला ऑइल हा शब्द लॅटिन ओलेउममधून आला आणि तो ग्रीक भाषेतल्या ऑलिव्हच्या नावावरून. म्हणजे त्यांच्या लेखी तेल म्हणजेच ऑलिव्हचं. आपला तेल हा शब्द तैलापासून, आणि तैल म्हणजे तिळाचं. पुढे मोहरीच्या तेलालाही आपण तैलच म्हणू लागलो, इतका तीळ आपल्या जिभेवर बसला होता. दोन संस्कृतींनी आपापल्या शेतातल्या पिकावरून साऱ्या तेलांचं बारसं केलं. तिळाच्या तेलात ओलेइक चाळीस टक्क्यांच्या आसपास, आणि वर सेसॅमोलसारखी द्रव्यं, जी त्याला बिघडू देत नाहीत. फल्लीच्या तेलात ओलेइक चाळीस-पन्नास टक्के. तळणीत ते ऑलिव्हच्या खाली आणि सोयाबीन-सूर्यफुलाच्या वर बसतं. घरच्या एका तळणीला तेवढं पुरतं. कढईत किती वेळा चढवता हा हिशेब त्याहून मोठा.

आपल्या मातीच्या तेलांचा अभ्यास इथून फार लांब झालेला नाही. पाऊणशे किलोमीटरवर वर्ध्याला, मगनवाडीत, १९३४ अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघात झवेरभाई पटेलांनी बैलघाणा सुधारला. तो वर्धा घाणी म्हणून देशभर ओळखला गेला. नागपुरातच रावबहादूर लक्ष्मीनारायणांच्या देणगीतून १९४२ पासून चालणाऱ्या एलआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत तेलांचं तंत्रज्ञान शिकवलं जातं. आणि कृषी महाविद्यालयात जवस आणि मोहरी यांचं संशोधन केंद्र आहे. जवसावर मी जरा थांबणार आहे, कारण ऑलिव्हने आमची दृष्टी सगळ्यात जास्त कुठे झाकली असेल तर इथे.

पूर्वी पूर्व विदर्भात धानाच्या उभ्या बांध्यांत, पाणी उतरताना, लाखोळीबरोबर जवस फेकत. उतेरा म्हणतात त्याला. जवसाचं तेल इथल्या घरांत खाल्लं जाई. सोयाबीन आलं तसं जवस बांधापलीकडे गेलं. या जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, ज्याला लोक ओमेगा-३ म्हणून गोळ्यांत विकत घेतात. ऑलिव्हमध्ये ते एक टक्काही नसतं. मासळी न खाणाऱ्या प्रताप नगरातल्या घरांना नेमकी त्याचीच वाण आहे. दहा ग्रॅम जवसाच्या कुटातून ते दोन ग्रॅमच्या आसपास मिळतं. जवसाचं तेल तळायला घेऊ नका, ते तापायला सर्वांत नाजूक. दाणे मंद आचेवर भाजा, लसूण, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कुटा आणि भाकरीबरोबर खा. दाणा अख्खा गिळला तर तसाच निघून जातो, कुटलाच पाहिजे. आमच्या आज्या हे बिनसंशोधनाचं करत होत्या. आणि ती चटणी चाळीस रुपयांत महिनाभर होते.

राहिलं मोजमाप, ज्यावर सगळा वाद येऊन टेकतो. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे आपण माणशी वर्षाला १९.७ किलो खाद्यतेल रिचवतो, म्हणजे दिवसाला साधारण ५४ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दोन हजार उष्मांकांची जी थाळी सुचवली तीत तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. बरोबर निम्मं. चौघांच्या घरात पहिल्या मापाने महिन्याला साडेसहा किलो तेल लागतं, दुसऱ्याने सव्वातीन. ही संस्था एकच तेल धरून बसू नका, तेलबिया, दाणे, डाळी यांतूनही स्निग्धांश घ्या असंही सांगते. कुणी म्हणेल, क्रीटचा माणूस तर याहून कितीतरी जास्त तेल खायचा. खायचा, पण त्याच्या ताटात आपल्याएवढा भात, पोळी आणि दिवसाला चार कप साखरेचा चहा नव्हता. आपण आपलं सगळं ठेवून वर त्याचं तेल ओततो.

वहिनींना मी यातलं बरंच सांगितलं. अर्धं त्यांना पटलं. "म्हणजे सांबारवडी करूच नाही का?" त्यांनी विचारलं. करा की. थंडीत सांबारवडी नाही तर काय करायचं? फल्लीच्या ताज्या तेलात करा, लहान कढईत, बेताच्या तेलात. उरलेलं दोन दिवसांत फोडणीला संपवा आणि पुन्हा तळायला चढवू नका. चार वड्यांनंतर कोणी "घ्या अजून" म्हटलं तर नाही म्हणायची जबाबदारी खाणाऱ्याची आहे. त्या दिवशी ती माझी होती आणि मी सहावी खाल्ली.

वाचकांपैकी कोणाच्या ओट्यावर हिरवा डबा असेल तर तो फेकू नका, पैसे मोजलेले आहेत. रोजच्या भाजीला चमच्याने मोजून घाला आणि संपवा. पुढच्या वेळी दुकानात डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचा, आणि 'पोमेस' दिसलं तर तेवढ्या पैशांत पाच किलो फल्लीचं तेल आणि किलोभर जवस घरी घेऊन या.